पहिल्या दिवशी काय बोलायचं

झोप येईना म्हणून डॉक्टरांनी मला परभणीच्या दवाखान्यात समुपदेशनाला पाठवलं होतं. घर लांब कोकणात, इथं कामासाठी आलेलो, शाळा आठवीतच सुटलेली. समुपदेशन करणाऱ्या शिकलेल्या बाईंसमोर काय बोलायचं, या धास्तीनं मी खोलीबाहेरून पळायच्या बेतात होतो. शेजारी पोखर्णीकडचे एक धोतरवाले काका होते. प्रत्येक वाक्याला ते माझ्या गुडघ्यावर थाप मारायचे.

"बाटलीत काय हाय रं?" माझ्या हातातली बाटली बघून त्यांनी विचारलं.

"लघवी. तपासायला. आणि उपाशीपोटी आलोय."

काका खोकला लागेस्तोवर हसले. "आरं लेका, हितं नुसतं बोलायचं असतंय! कवा बारकेपणीचं इचारतेत, कवा श्वास घ्यायला लावतेत, कवा घरी करायला काम देतेत. जसा माणूस, तसं."

तेवढ्यात आतून माझं नाव पुकारलं. मी उठलो, पण तिथंच उभा राहिलो.

"काईच सुचलं न्हाई तर म्हशीचं सांग," काका म्हणाले. "म्या पहिल्या दिशी माझ्या म्हशीवरच पाऊण तास बोललो. बाईंनी समदं ऐकलं अन् म्हणल्या, 'म्हस बरी हाय, पण तुमी कसे हाव?' साठ वर्षांत मला कुणी इचारलं नव्हतं."

मग त्यांनी पाठीवर थाप मारली, ती एवढी जोरात की मी थेट दारातच पोचलो.