दवनीवाड्याला सांडपाणी पाहायला गेले

नागझिऱ्याचे वाघ पाहायला लोक गोंदिया जिल्ह्यात जातात. मी गेले सांडपाणी पाहायला. नागपूरजवळ माझा कापड रंगवायचा छोटा कारखाना आहे. उन्हाळ्यात आमचं रंगाचं पाणी झिरपून शेजारच्या विमलकाकूंच्या विहिरीत उतरलं आणि काकूंनी माझ्याशी बोलणंच टाकलं. उपाय शोधत होते, तेव्हा एका गिऱ्हाइकाने दवनीवाड्याजवळच्या एका राईस मिलबद्दल सांगितलं.

सकाळीच निघाले. भंडारा, साकोली, कोहमारा. रस्ता छान आहे, जंगलाच्या पट्ट्यात मात्र गाडी हळूच चालवा. कोहमाऱ्याच्या ढाब्यावर पन्नास रुपयांत तर्री-पोहे आणि चहा झाला. तिथून डावीकडे गोंदिया, पुढे दवनीवाडा. धान कापून झालेल्या बांध्यांत, म्हणजे खाचरांत, लाखोरीचं कडधान्य हिरवंगार होतं.

मिल शीलाताईंची. उसना, म्हणजे उकडा तांदूळ करायला धान गरम पाण्यात भिजवतात. ते पाणी नंतर आंबूस घाण मारतं. इथे मला वासच आला नाही. बॉयलर धानाच्याच भुशावर चालतो, राख वीटभट्टीवाला नेतो. पाणी गिट्टी आणि पाणवनस्पती लावलेल्या तीन हौदांतून फिरून शेजारच्या धनराजभाऊंच्या बांधीत जातं.

धनराजभाऊ तिथेच बसले होते. म्हणाले, "यायच्या पान्यानं माहे परे जळले होते. मी तर भांडालेच आलो होतो जी." परे म्हणजे धानाची रोपं.

"आणि आमी वकील शोधून राहिलो होतो," शीलाताई हसल्या. "मंग हेच म्हणाले, पानी एवढं निघते काऊन, ते तं पहा."

पाहिलं, तर भिजवायलाच गरजेपेक्षा जास्त पाणी घेत होते. आधी ते कमी केलं, वाफेचं पाणी परत बॉयलरमध्ये वळवलं. हौद सगळ्यात शेवटी बांधले.

"तुमी आधी हौद बांधू नका, बाई," धनराजभाऊंनी मला बजावलं.

मी नेमका हौदाचाच नकाशा घेऊन गेले होते! शीलाताईंनी दुपारभर एकेक नळी दाखवली, काही हातचं राखलं नाही. वर उसना भात आणि लाखोरीची भाजी पोटभर वाढली. त्या दोघांचे उपकार मी विसरणार नाही.

परतल्यावर पहिल्यांदा काकूंकडे गेले, चूक कबूल केली. आता शेवटच्या धुण्याचं पाणी आम्ही पुढच्या खेपेच्या पहिल्या धुण्याला वापरतो. त्यामुळे हौदही लहानच पुरेल. विहीर अजून निवळलेली नाही. पण परवा काकू आपणहून हौदाचं काम पाहायला आल्या. बराच वेळ वाकून बघत राहिल्या.

"ढाळ उलटा काढलाय तुझ्या गवंड्यानं," त्या म्हणाल्या. "बोलाव त्याला, मी सांगते."