नदीत सोडलेली फाईल

वहिनी गेली, त्याच्या सोळा वर्षं आधी तिची फाईल आम्ही नदीत सोडली होती.

मी सोबत होते.

आज तिला जाऊन वर्ष झालं. नुसता फोटो टाकणार होते. पण आधी हे लिहायला हवं.

शोभावहिनी. मोर्शीजवळच्या आमच्या संत्र्याच्या बगीच्यात भावापेक्षा तिचा जीव जास्त. लग्नाला पाच वर्षं झाली, मूल नव्हतं. पाळी चार-चार महिने यायची नाही. अमरावतीच्या डॉक्टरांनी पीसीओएस सांगितलं. घरात शिकलेली मी, म्हणून दर व्हिजिटला अकोल्याहून मीच जायचे.

तिच्या मानेवर काळपट पट्टा होता. आई म्हणायची, "मान घासत जाय वं, मळ दिसते."

वहिनी हसायची. "घासून घासून कातडं निघून राहिलं आई, मळ काही निघत नाई."

डॉक्टर म्हणाल्या, हा मळ नाही. शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, त्याची खूण आहे.

मग ईश्वरी झाली. आईने नवस फेडला आणि म्हणाली, "दुखण्याचे कागद घरात ठेवाचे नाई. दुखणं वापस येते."

फाईलच्या शेवटच्या पानावर डॉक्टरांनी लिहिलं होतं: मूल झालं तरी दर वर्षी शुगर तपासा.

काठावर मी म्हणाले, "वहिनी, हे एक पान ठेवू."

"कायले ताई? पोरगी झाली ना! आता मले काय धाड भरली?"

सगळे हसले. मीही.

नंतर सांगू, असं मला खरंच वाटलं होतं? की त्या दिवशी आईशी वाद नको होता? वर्षभर डायरीत हेच लिहितेय. उत्तर दर वेळी वेगळं येतं.

गेल्या वर्षी तोडणीच्या वेळी पायात काटा गेला. हळद दाबून ती कामावर. जखम भरेना. ताप चढला तेव्हा दवाखान्यात नेलं. शुगरच्या मशीनवर आकडाच आला नाही, नुसतं 'हाय' आलं, म्हणजे मशीनला मोजता येईल त्याच्याही वर.

चौथ्या दिवशी ती गेली.

परवा ईश्वरी आरशासमोर लिंबाची फोड घेऊन मान घासत होती.

मी फोड काढून घेतली.

"काहून आत्या?"

"मळ नाही तो."

आज सकाळी उपाशीपोटी तिचं रक्त देऊन आलो. नवी फाईल केली. पहिल्या पानावर तिच्या आईला काय होतं, ते मी लिहिलं. सगळं.

नदीचं मी सांगितलं, तेव्हा पोरीने विचारलं, "हे बी नदीत सोडाची का?"

"नाही."

शोभावहिनी, नमस्कार.

फाईल माझ्याकडे आहे.