खिल्लारे मॅडमची म्हातारी

खिल्लारे मॅडमच्या लॅबमध्ये रक्ताची नळी खिशातून काढणाऱ्याला बसायला खुर्ची मिळत नाही. जुन्या जालन्यात, धान्याच्या दुकानांच्या गल्लीत त्यांची जनावरांचं रक्त तपासायची लॅब आहे आणि मी तिथे मदतनीस आहे. राजूरचे एक गृहस्थ बैलाचं रक्त शर्टाच्या खिशात घालून, भर उन्हात दुचाकीवरून आले, तेव्हा मॅडमनी ती नळी हातातही घेतली नाही. "बर्फात घालून आणा, न्हाईतर बैलालाच आणा. हे तपासून काय सांगू, तुमच्या खिशाची तब्येत?" गृहस्थ पुटपुटत गेले आणि दुसऱ्या दिवशी बर्फ घेऊन आले.

हा कडकपणा मला आधी जरा जास्तच वाटायचा. मग त्यांनी मला म्हातारीची हकिगत सांगितली, आणि तेव्हापासून अशी उन्हातून आलेली नळी दिसली की माझंही डोकं फिरतं.

मॅडम मूळच्या टेंभुर्णीच्या. जनावरांच्या डॉक्टर झाल्या आणि आखातात डॉल्फिनचे खेळ करणाऱ्या एका ठिकाणी नोकरीला लागल्या. तिथल्या सगळ्यात वयस्कर मादीला त्या म्हातारी म्हणत. म्हातारीनं खाणं कमी केलं होतं. तिला खेळातून सोडवा म्हणून मॅडम मागे लागल्या होत्या, पण दर वेळी रिपोर्ट यायचा, ताण नाही. जनावर घाबरलं की मेंदूतून एक हार्मोन रक्तात उतरतं. ते फार नाजूक. रक्त लगेच बर्फात ठेवलं नाही तर ते नासतं आणि आकडा खाली येतो. तिथली माणसं मात्र खेळ संपेपर्यंत नळ्या हौदाच्या कडेला उन्हात ठेवायची. आणि फाटकावर भलीमोठी पाटी, आमचे डॉल्फिन आनंदी आहेत. निर्लज्जपणाला काही सीमा असते की नाही?

मॅडमनी म्हातारीचं एकदाच काढलेलं रक्त दोन नळ्यांत वाटलं. एक नळी बर्फात ठेवली, दुसरी नेहमीच्या जागी उन्हात. बर्फातल्या नळीत ताण भरमसाट निघाला, उन्हातल्या नळीत जवळजवळ काहीच नाही. दोन्ही रिपोर्ट त्यांनी मॅनेजरसमोर टाकले. त्यानं ते शांतपणे पाहिले आणि कमी आकड्यावर सही करायला सांगितलं. मॅडमनी केली नाही. थोड्याच दिवसांत त्यांना परतीच्या विमानात बसवून दिलं.

हे सांगताना त्यांचा आवाज अजून चढतो. "अडाणी असता तर शिकवलं असतं गं. त्याला बराबर कळल्तं. कळलं म्हणूनच तर मला काढलं."

गेल्या उन्हाळ्यात तिथल्या एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. खेळ चालू असतानाच म्हातारी गेली होती. शेवटचा रिपोर्ट काय होता, एवढंच मॅडमनी विचारलं. ताण नाही, असाच होता.

त्यांनी फोन ठेवला. तुम्हाला जमेल ते तुम्ही केलंत, असं मी म्हटलं, तर माझ्यावरच उसळल्या.

"माझं सोड. ती सांगून राह्यली होती गं, दर बारी सांगून राह्यली होती. ह्यांनी तिचं सांगणंच उन्हात ठेवलं."