सात नंबरच्या डब्याचा रंग

फिंटन गिल्रेनने आयुष्यात अंदाजाने म्हणून काही केलं नाही, आणि त्यापायी आमच्या मंडळातल्या सगळ्यांना त्याने जेरीला आणलं. आयर्लंडमधल्या आमच्या ड्रमकेलीची छोटी रेल्वे एकोणसाठ साली बंद पडली, रूळ उखडून भंगारात गेले. साठ वर्षांनी आम्ही सात-आठ निवृत्त माणसं तीच रेल्वे पुन्हा बांधायला बसलो, चर्चच्या सभागृहातल्या टेबलांवर, वीतभर डब्यांनिशी. झाडं मी करते. पोस्टात तीस वर्षं शिक्के मारल्यावर झाडं करायला बरं वाटतं. फिंटन डबे करतो. तो डेअरीत दुधाची फॅट तपासायचा, आणि डब्याच्या खिळ्या-रिव्हेटांकडेही तो तशाच संशयाने बघतो.

त्याच्याहून वरचढ एकच, आमचा चिटणीस मॅलकी रॉडन. कागद दाखवल्याशिवाय तो पाऊस पडतोय हेही मान्य करणार नाही. प्रत्येक वस्तूपुढे एक कार्ड लागलंच पाहिजे, आणि त्यावर कोणती गोष्ट कशावरून ठरवली ते लिहिलंच पाहिजे, हा नियम त्याचा. माझ्या झाडांनाही त्याने पुरावा मागितला होता. मी त्याला खिडकीबाहेर बघायला सांगितलं.

त्या वसंतात फिंटन सात नंबरचा डबा करत होता. त्याच डब्यातून त्रेपन्न साली गावातल्या नॅन मुलव्हीची थोरली बहीण युना गेली. इथून आधी मोठ्या गाडीला, मग बोटीला, मग बॉस्टनला. ती परत आली नाही, तिकडेच वारली. नॅन तेव्हा नऊ वर्षांची होती. आता तिचे डोळे चालले होते. स्लायगोच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑक्टोबरअखेरच्या हॅलोवीनपर्यंत मधलं काही दिसणार नाही, कडेकडेचं तेवढं दिसेल.

नॅन फिंटनच्या शेडमध्ये येऊन बसली. मी तिथे सरस ढवळत होते.

"ऑगस्टच्या प्रदर्शनात तो डबा मला बघायचाय," ती म्हणाली. "लाल डबा. पुढच्या वर्षी दाखवलास तर मला काय, तू साबणाची वडी ठेवलीस तरी चालेल."

"लाल कशावरून, नॅन?" फिंटनने विचारलं. "फोटो सगळे काळे-पांढरे आहेत."

"अरे, मी फलाटावर उभी होते. तू तर जन्मलाही नव्हतास."

दुसऱ्या सकाळी फिंटन मला घेऊन रूनीच्या शेतावर गेला. रेल्वे मोडली तेव्हा डबे लोकांनी उचलून नेले. सात नंबर रूनीच्या वडिलांनी कोंबड्यांसाठी आणला. साठ वर्षं त्यात कोंबड्या नांदताहेत, आणि आतला वास तसाच आहे. फिंटनने खाजकुयलीसारख्या झाडोऱ्यातून वाट काढली आणि पॉलिश पेपरने फळीवर नाण्याएवढी जागा घासायला घेतली. रंगाचे थर गोल गोल कड्यांनी उघडे पडत जातात. वर डांबर, मग चुना, मग रूनीच्या बायकोला आवडलेला निळा, मग राखाडी, आणि लाकडाला चिकटलेला गडद हिरवा. लाल कुठेच नाही.

त्याने दुसरीकडे घासलं. मग मागच्या बाजूला. मग दाराच्या वर, जिथे ऊन-पाऊस लागत नाही. पाच ठिकाणी घासलं तरी पाचही ठिकाणी हिरवाच. पुराव्याने काही वेगळं सांगावं म्हणून फिंटन धडपडतोय, हे मी पहिल्यांदा बघत होते.

"तिला सांगून टाक," मी म्हणाले.

"कसं सांगू? तिच्याकडे तेवढंच उरलंय."

"मग लाल रंगव आणि मोकळा हो."

"आणि उद्या कुणी त्याचा फोटो पुस्तकात छापला की? नोरीन, खोटा डबा एकदा लोकांसमोर आला की तोच खरा होऊन बसतो. खऱ्यावर तर कोंबड्या बसल्यात."

मला त्याचा राग आला. रंगाच्या एका डबीसाठी म्हाताऱ्या बाईला झुरवायचं, याला काय म्हणावं? ऑगस्ट येईपर्यंत मी त्याच्या शेडकडे फिरकले नाही.

प्रदर्शनाच्या सकाळी डबा रुळावर होता, गडद हिरवा. कार्डावर लिहिलं होतं: रंग, रूनीच्या खुराड्यावरून. मी फिंटनला चार शब्द सुनावणार, इतक्यात त्याने नॅनला आमच्या बाजूला, टेबलामागे, खुर्चीवर आणून बसवलं. गाडी निघाली. आमच्या बाजूने सात नंबर लाल होता. एक अंग हिरवं, दुसरं लाल. टेबलाच्या दोन्ही अंगांना एकाच वेळी कुणी उभं राहू शकत नाही, एवढ्यावर त्या शहाण्याने सगळा डाव लावला होता.

नॅन पुढे वाकली, मान तिरकी करून कडेच्या नजरेने बघत राहिली. गाडी सहा वेळा गेली. मी डोळे पुसले, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

सातव्या फेरीला सांध्यावर डबा घसरला, तोही नेमका मॅलकीच्या हाताशी. तो पलीकडच्या बाजूला, त्याच्यामागे दोन ओळी माणसं उभी. मॅलकीने डबा उचलला, चाकं बघायला उलटा केला, आणि थांबला. फिंटनचा चेहरा ताकासारखा पांढरा झाला. आजवर मॅलकीने एका चुकीच्या कंदिलावरून माणसं मंडळातून घालवली आहेत. त्याने लाल बाजू पाहिली, कार्ड पाहिलं, मग टेबलावरून खुर्चीतली नॅन पाहिली. खिशातून रुमाल काढून त्याने चाक पुसलं.

"धागा अडकला होता," तो लोकांना म्हणाला, आणि डबा होता तसाच, हिरवं अंग त्यांच्याकडे करून, रुळावर ठेवला.

चहाच्या वेळी तो फिंटनजवळ आला. "लाल बरा उतरलाय. दोन हात दिलेस?"

"तीन."

"हं. पुन्हा असं केलंस तर काढून टाकीन," मॅलकी म्हणाला आणि त्याच्या बशीत केकचा तुकडा ठेवून गेला.

संध्याकाळी मी आणि फिंटन नॅनला घरी सोडायला गेलो. दाराशी ती थांबली.

"पलीकडचे लोक दिवसभर हिरवा, हिरवा म्हणत होते. माझे डोळे चाललेत रे, कान शाबूत आहेत."

फिंटनने सगळं सांगितलं. खुराडं, पाच ठिकाणं, हिरवा. तिने चौकटीला हात टेकला.

"कोट," ती म्हणाली. "युनाचा कोट लाल होता. आत्याने दिलेला. खिडकीतून अर्धी बाहेर आली होती आणि हात हलवत होती. माझी नजर तिच्यावरून हललीच नसणार. म्हणून सगळंच लाल."

"कितवी खिडकी?" फिंटनने विचारलं. मला त्याला चिमटा काढावासा वाटला.

"शेवटून दुसरी," नॅन लगेच म्हणाली.

हॅलोवीनच्या आधीच तिला माणसांचे चेहरे दिसेनासे झाले. हिवाळ्यात फिंटनने लाल अंगही हिरवं केलं. पुढच्या ऑगस्टला सात नंबरच्या शेवटून दुसऱ्या खिडकीत तांदळाच्या दाण्याएवढी एक मुलगी होती, लाल कोटातली, अर्धी बाहेर वाकलेली. मॅलकीने भिंग काढलं, तिला बघितलं, आणि कार्ड वाचायला वाकला. मीही वाकले.

रंग, रूनीच्या खुराड्यावरून. लाल कोट, नॅन मुलव्ही हिने स्वतः पाहिला.

मॅलकीने भिंग खिशात ठेवलं आणि नॅनला हाताला धरून टेबलाशी आणलं. मग त्याने ते कार्ड तिला मोठ्याने वाचून दाखवलं.