शिरा फुटतात

नव्वदच्या दशकात मी सांगलीतल्या एका फार्मसी कॉलेजात शिकवत होतो आणि उरलेल्या वेळात अंडी उबवत होतो. एखाद्या झाडपाल्याच्या अर्काने नव्या रक्तवाहिन्या वाढतात की थांबतात, हे पाहायची ती आमच्या आवाक्यातली पद्धत. हॅचरीतून फलित अंडी आणायची, ऊबपेटीत ठेवायची, कवचाला नखाएवढी खिडकी पाडून आतल्या पातळ पडद्यावर अर्काची टिकली ठेवायची आणि खिडकी चिकटपट्टीने बंद करायची. पुढे ती उघडून टिकलीभोवतीच्या शिरा भिंगाखाली मोजायच्या. कॉलेजातले लोक विचारत, "सर, आम्लेट कधी?"

अर्क दगडीपाल्याचा होता. बांधावर उगवतो, खरचटलं की चोळून लावतात, तोच. तो निवडला दाजींमुळे. माझी थोरली बहीण फलटणकडच्या गावात दिलेली. दाजी फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि उसात रमले. साखर कधी वाढली ते त्यांना कळलं नाही. पायाच्या अंगठ्याची जखम भरेना, तेव्हा कळलं. आक्का त्यावर रोज दगडीपाला वाटून लावी.

मिरजेच्या सर्जननी पाय पाहिला आणि स्पष्ट सांगितलं, की खालपर्यंत रक्त पोचत नाही, दोन बोटं काढावी लागतील, उशीर केला तर जास्त. तिथून दोघं थेट माझ्या घरी आली.

"काय मास्तर, तुझी अंडी काय म्हनत्यात?" दाजींनी बसायच्या आधी विचारलं.

होतं ते सांगितलं. "अर्काच्या अंड्यांत नव्या शिरा फुटतात. नुसतं पाणी ठेवलेल्यांत त्याहून कमी."

आक्का दाजींच्या पायाच्या पट्टीकडे बघू लागली. "आगं बया! शिरा फुटत्यात? आन मी रोज त्योच पाला लावतीया!"

शीर फुटली म्हणजे रक्त वाहणार, हा अर्थ मला त्या क्षणापर्यंत सुचलाच नव्हता. प्रयोगशाळेत आम्ही फुटणं हा शब्द पालवीसाठी वापरावा तसा वापरत होतो. "तसं फुटणं नव्हे, आक्का. उसाला फुटवे येतात ना, तसं."

तिच्या जिवात जीव आला. दाजींचा मात्र चेहराच बदलला.

"आसं सांग की गड्या! म्हंजी पाय फुटवं धरतोय." ते आक्काकडे वळले. "ऐकलंस? फुटवं यायच्या टायमाला कोन ऊस उपटतं व्हय?"

मग मी बराच वेळ बोलत राहिलो. पिल्लाच्या शिरा वाढतच असतात, दाजींच्या पायाचं तसं नाही. खिडकी पाडताना कवचाचा भुगा पडद्यावर पडला तर त्याच्याभोवतीही शिरा गोळा होतात. कुठल्या अंड्यात काय आहे ते न सांगता मी दुसऱ्याकडून मोजणी करून घेतली होती. भुग्याची अंडी बाजूला काढल्यावर अर्कात आणि पाण्यात उरलेला फरक इतका थोडा होता, की त्यावर मी स्वतःचं नखही पणाला लावलं नसतं. एकदा तर वीज गेली आणि सगळी अंडी गार पडून मेली.

दाजींनी शांतपणे ऐकलं. "फुटल्या किती अंड्यांत, त्ये सांग."

"निम्म्याहून जास्त."

"पल्टनीत निम्म्याहून जास्त मानसं परत आली, तर आमी फत्ते म्हनायचो."

"दाजी, माणूस म्हणजे अंडं नव्हे. सर्जन म्हणतात तसं करा."

"त्ये न्हाई इचारलं. पाला काम करतो का न्हाई? येका शब्दात सांग."

हो म्हणणं खोटं होतं. नाही म्हणणंही खोटंच होतं, आणि खोटी आकडेमोड मी कधी केली नव्हती. "माहीत नाही," मी म्हणालो.

"माहीत न्हाई म्हंजी न्हाई, आसं तर न्हवं ना?"

रात्री दोघं आमच्याकडेच राहिली. सकाळी मी पुन्हा सांगितलं, बायकोने सांगितलं, आक्काही एकदा म्हणाली, "आवं, बोटंच हाईत, जाऊ द्या." दाजी हसले आणि फलटणच्या गाडीत बसले.

पुढे मी रविवारी जाई. पट्टी सोडली की वास येई. काळेपणा अंगठ्यावरून तळव्याकडे सरकत होता. दर खेपेला मी ऑपरेशनचं काढी आणि दर खेपेला दाजी उसाचं काढीत. इकडे नव्या अंड्यांत शिरा फुटतच होत्या. पडद्यावर लाल, बारीक, सुरेख जाळी धरत होती. ती मोजताना माझा हात थांबे.

ताप चढला तेव्हा जीपने मिरजेला आणलं. सर्जननी मला बाजूला घेतलं. आता बोटांनी भागणार नव्हतं. तेव्हाच काढली असती तर पाय वाचला असता का, हे मी विचारलं. "सांगता येत नाही," ते म्हणाले. मग म्हणाले, "तुम्ही शिकलेले आहात, पेशंटला नीट समजावून सांगा."

मी खाटेजवळ गेलो. आक्का उशाशी बसली होती. दाजी माझ्याकडे बघत होते.

"बोल की. कुठनं?"

मी शब्द जुळवू लागलो. शेवटी वाकलो आणि माझ्याच पायावर, गुडघ्याखाली चार बोटं, हात आडवा धरला.

त्यांनी तो हात नीट पाहिला. मग आक्काला म्हणाले, "ह्येला च्या दे आधी. सकाळधरनं उपाशी हाय."