आधी दुसऱ्याची बाजू

त्र्यंबकनानांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा ते शाळेच्या ओट्यावर मांडी घालून बसले होते आणि त्यांच्यासमोर एक मुलगा दुसऱ्याच मुलाच्या नावाने रडत होता.

मी धुळ्याचा. ट्रेनिंग कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेलो. डोक्यावर नवी टोपी, वळकटीत गुंडाळलेली नवी छडी आणि मनात भलता रुबाब. धरणगावपासून बैलगाडीने तासाभरावर असलेल्या त्या गावी दुय्यम शिक्षक म्हणून माझी पहिलीच नेमणूक झाली होती. नाना तिथले हेडमास्तर. गाडीतून उतरून मी पाहतो तो हा प्रकार.

"मी यूसुफ शे," गुलाब नावाचा एका शेतकऱ्याचा मुलगा नाक ओढत सांगत होता. "मना बाप पिंजारी शे. सकायमा मी त्याले कापूस पिंजाले मदत करस. मना केसमा रुई ऱ्हास. मंग मी गुलाबनी टोपी हिरमा फेकी दिनी."

खरा यूसुफ समोर उभा होता. त्याने मान हलवली. "नही, आजून एक गोट राह्यनी."

गुलाब खाली बघू लागला. नानांनी तंबाखूची चंची काढली, चुना लावला, सावकाश मळली. शेवटी गुलाब पुटपुटला, "गुलाब माले 'म्हातारा, म्हातारा' म्हने. बठ्ठा पोरे हासनात. माले रडू उनं."

"हां, आसंच व्हयनं!" यूसुफ म्हणाला आणि हसला. मग यूसुफ गुलाब झाला, विहिरीत गेलेल्या टोपीसाठी घरी काय ऐकावे लागणार ते त्याने इतके हुबेहूब सांगितले की गुलाबच त्याची समजूत घालू लागला. थोड्या वेळाने दोघे गळ टाकून टोपी काढायला पळाले. मला वाटले, आपली नेमणूक चुकून वेड्यांच्या बाजारात झाली आहे.

नानांच्या शाळेतला नीतिपाठ तो हाच. 'सत्य बोलावे', 'कोणास दुखवू नये' अशी वाक्ये असलेले पुस्तक शाळेत होते. ते कपाटात सुखरूप असे. भांडण झाले की नियम एकच: आधी दुसऱ्याची बाजू. तो दुसरा आपणच आहोत असे समजून उभ्याने सांगायची, आणि तो 'हां, आसंच व्हयनं', म्हणजे 'हो, असंच झालं', म्हणेपर्यंत खाली बसायचे नाही. स्वतःची बाजू त्यानंतर. बहुतेक वेळा ती सांगायची पाळीच येत नसे. शिक्षा अशी नव्हतीच, पण काही मुले दुपारपर्यंत उभी राहिलेली मी पाहिली आहेत.

मला हे मुळीच पटले नाही. मी माझ्या वर्गात पाटीवर 'सत्य बोलावे' तीस तीस वेळा लिहून घेत असे. नानांनी मला कधी अडवले नाही. उलट राहायला जागा मिळेना तेव्हा आपल्या घरातली ओसरी दिली. त्यांच्या पत्नी, आम्हा सर्वांच्या अक्का, मला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वांग्याचे भरीत असे वाढत की ताटावरून उठताना भिंत धरावी लागे. पहिल्याच हिवाळ्यात मला हिवतापाने गाठले. नाना पायी धरणगावला जाऊन क्विनाइन घेऊन आले आणि मी तोंड वाकडे केले तर माझे नाक दाबून त्यांनी ते मला पाजले. वयाने ते माझ्याहून फार मोठे नव्हते, पण त्या दिवसांत ते मला वडिलांच्या जागी वाटले.

आणि तरी मी त्यांच्याविरुद्ध अर्ज केला. होय, तो अर्ज मीच केला होता. ज्यांना हे ठाऊक नसेल त्यांनी आता ठाऊक करून घ्यावे.

झाले ते असे. एके सकाळी यूसुफ केसांत रुई घेऊन वर्गात आला. 'स्वच्छता' हा माझा त्या दिवशीचा विषय. मी त्याला दोन छड्या दिल्या. नाना दारातून पाहत होते. ते आत आले आणि नेहमीच्या शांत आवाजात म्हणाले, "गुरुजी, आता यूसुफची बाजू तुम्ही सांगा."

चाळीस मुले माझ्याकडे पाहत होती. माझे कान तापले. मी छडी टाकून वर्गाबाहेर पडलो, आणि त्याच आठवड्यात शाळाखात्याला बिनसहीचा अर्ज धाडला: हेडमास्तर नीतिपाठाचे पुस्तक उघडत नाहीत, मुलांना तासाच्या वेळी भांडू देतात, शिक्षकांचा मान ठेवत नाहीत. त्या काळी असा एक अर्ज खरा ठरला की हेडमास्तरकी जाई आणि माणूस सातपुड्याच्या पायथ्याशी कुठेतरी एकशिक्षकी शाळेवर जाऊन पडे. मला हे माहीत होते.

शाळाखात्याचे तपासनीस साहेब आले. त्यांनी सगळ्या शाळेला ओट्यासमोर बसवले, मुलांदेखतच अर्ज वाचला आणि विचारले, "हा कोणी लिहिला?" मी खांबाआड उभा होतो. साहेब नानांकडे वळले. "तुमचे काय म्हणणे आहे? मला आज वर अहवाल द्यायचा आहे."

नानांनी तोंड उघडण्याआधीच गुलाब उभा राहिला. "नाना, आधी दुसरानी बाजू!"

मुले टाळ्या पिटू लागली. साहेबांच्या कपाळाला आठी पडली. नाना मात्र गालात हसले. "पोरगं बरोबर सांगतंय, साहेब," असे म्हणून त्यांनी टोपी सारखी केली आणि बोलायला सुरुवात केली.

"मी अर्ज लिहिणारा आहे. शिकवण्याची मला हौस आहे. कॉलेजात जे शिकलो तेच मी इथे करतो आणि इथे ते कोणाला लागत नाही. एक दिवस हेडमास्तरांनी मला मुलांसमोर उभे केले. चूक माझी असेलही, पण ती त्यांनी मला ओसरीवर बसवून सांगायची होती. चारचौघांत सांगितली. तेव्हापासून वर्गात शिरताना माझे पाय जड होतात." मग नाना हळू म्हणाले, "आणि याच माणसाने तापात मला औषध पाजले. त्याच्या घरची भाकरी मी खातो. त्याच्यावर उघड रागवायलासुद्धा मला जागा उरली नाही. म्हणून मी खाली सही केली नाही."

"हां, आसंच व्हयनं."

आवाज कोणाचा म्हणून सगळ्यांनी मागे पाहिले. मीही पाहिले. मागे कोणी नव्हते. माझाच होता.

साहेब माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "चला तर, आता तुम्ही यांची बाजू मांडा." मी पुढे आलो, तोंड उघडले आणि ढसाढसा रडू लागलो. यूसुफने उठून मला तांब्याभर पाणी आणून दिले. नाना म्हणाले, "राहू द्या, साहेब. ते सवडीने मांडतील." आणि माझ्याकडे वळून, "पण मांडल्याशिवाय बसायचं नाही हं, गुरुजी!" सारी शाळा हसली. साहेबांनी अर्जाची घडी घालून माझ्या हातात दिली आणि शेरेबुकात लिहिले: 'नीतिपाठ समाधानकारक.'

त्या संध्याकाळी ओसरीवर नानांनी माझी माफी मागितली. मुलांदेखत तुम्हाला विचारणे हे माझे चुकलेच, असे ते म्हणाले. मी छडी अक्कांना दिली. त्या छडीने त्यांनी पुढे कितीतरी वर्षे शेवग्याच्या शेंगा पाडल्या.

पुढे माझी बदली शिरपूरला झाली. नानांचा नियम मी बरोबर नेला. तो मी घरीही लावला, ही मात्र चूक झाली. आमच्या सौभाग्यवती माझी बाजू माझ्यापेक्षा चांगली मांडतात आणि मला त्यांची पुरती सापडत नाही, त्यामुळे जेवायला उशीर होतो. गुलाब आज भुसावळला रेल्वेत आहे. यूसुफचे तिथेच गाद्यांचे दुकान आहे. परवा दोघे नानांच्या या सत्कार-समारंभाच्या मांडवावरून कडाडून भांडले. मग यूसुफ गुलाब झाला, गुलाब यूसुफ झाला, आणि मांडव वेळेवर उभा राहिला. बाहेर माणसे एकमेकांविषयी काय काय बोलू लागली आहेत ते आपण सारे ऐकतोच. अशा दिवसांत या दोघांकडे पाहिले की मला फार बरे वाटते.

नाना, त्या दिवशी ओट्यासमोर जे जमले नाही ते आज पंचवीस वर्षांनी मांडले आहे. मी अजून उभाच आहे, आणि आता गुडघे कुरकुरतात. तुम्ही 'हां, आसंच व्हयनं' म्हणालात तरच मला बसता येईल. पण मी तुम्हाला ओळखतो. तुम्ही चष्मा पुसाल, गौरव अंकातला हा लेख पुन्हा पहिल्यापासून वाचाल आणि मान हलवून म्हणाल, "नही, गुरुजी, आजून एक गोट राह्यनी." ती एकेक राहिलेली गोष्ट काढायला तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. तोवर मी उभा राहीन.