काकांचे मंत्री

अर्ध्या जगातली सरकारं ज्याच्या सल्ल्यावर चालत, पण घरात ज्याच्या सल्ल्याने साधी भाजीसुद्धा येत नसे, असा माणूस अख्ख्या रोह्यात एकच होता आणि तो माझ्या मावशीचा नवरा होता. काका अर्थतज्ज्ञ. वर्षातले बरेच महिने आफ्रिकेतल्या नाहीतर आशियातल्या कुठल्यातरी गरीब देशाच्या मंत्र्यांना शहाणपण शिकवण्यात जायचे. जाताना बॅगेत पेणचे पोह्याचे पापड. "वाईट बातमी रिकाम्या तोंडी सांगू नये," हे त्यांचं अर्थशास्त्र. राष्ट्रपतींच्या महालातही "आमच्या रोह्यात" म्हटल्याशिवाय त्यांचं बोलणं पुढे सरकत नसे, आणि सुट्टीवर घरी आले की "आमच्या आफ्रिकेत" सुरू व्हायचं. "तुम्ही देश सांभाळा, भाजीचं मी बघते," म्हणत मावशी पिशवी उचलायची.

नव्वदच्या दशकात अशाच एका देशाच्या मंत्र्यांनी तिथल्या समुद्रकाठच्या बांधांची देखभाल गावांकडून काढून ठेकेदाराला द्यायचं मनावर घेतलं. काका अस्वस्थ झाले. त्यांचा जन्मच धरमतरच्या खाडीकाठचा. खारं पाणी शेतात शिरलं की काय होतं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. मंत्री दिल्लीला आलेले, त्यांना काकांनी, गाव आपला बांध कसा राखतं ते दाखवायला, गोडीगुलाबीने थेट आपल्या जन्मगावी आणलं. मीही बरोबर होतो. पोचतो तर काय, उधाणाने बांध फुटलेला आणि पाणी काकांच्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या भातशेताकडे निघालेलं. तिथली रीत अशी, की बांध फुटला की बांधावर जो उभा असेल त्याने चिखलाचे गोळे हातोहात पुढे देणाऱ्या रांगेत लागायचं. अक्काने सूट घातलेल्या मंत्र्यांच्या हातात चिखलाचा गोळा ठेवला.

"अगो अक्का, पावना हाय तो!" कुणीतरी ओरडलं.

"पावना घरी! बांधावर कसला पावना? घे रे बाबा, पुढं दे."

मंत्र्यांनी काकांकडे पाहिलं. काकांनी एक शब्द टाकला असता तर त्यांची सुटका झाली असती, काकांचं कामही शाबूत राहिलं असतं. काकांनी कोट काढला आणि मंत्र्यांच्या शेजारी रांगेत उभे राहिले. मंत्री थोडा वेळ गोळे पुढे देत राहिले, मग गाडीत जाऊन बसले. अक्काचं शेत वाचलं. तिकडे मात्र ठेका दिला गेला आणि त्या देशाने काकांना पुन्हा बोलावलं नाही. हळूहळू बाकीच्या देशांची बोलावणीही आटली.

आम्ही सगळे चिडलो, काका चिडले नाहीत. मला त्यांचा जेवढा अभिमान वाटला तेवढा पुढे कुणाचा वाटला नाही. त्या देशाच्या किनाऱ्यावर पाणी शिरल्याची बातमी आली, की त्या दिवशी ते जेवत नसत.

"हात चांगला होता रे त्याचा," एवढंच म्हणत. "बांधावर अजून थोडा थांबायला हवा होता."